लेपाखालची लाट

१९२६ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात जेम्स विल्यम मॅकबेन आणि बकर या दोघांनी एका नव्या तराजूचं वर्णन छापलं. या तराजूला दांडी नव्हती आणि पारडीही नव्हती. उभ्या काचनळीत क्वार्ट्झच्या अतिशय बारीक धाग्याची स्प्रिंग टांगलेली, तिच्या खालच्या टोकाला चिमुकली बादली आणि बादलीत कोळशासारख्या सच्छिद्र पदार्थाचा कण. नळीतली हवा उपसून काढायची आणि ज्याचा अभ्यास करायचा तो वायू आत सोडायचा. वायूचे रेणू त्या कणाला चिकटत जातात, त्याचं वजन वाढतं आणि स्प्रिंग खाली उतरते. ती किती उतरली हे नळीबाहेर बसवलेल्या सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. वायूंचं पृष्ठभागाशी असलेलं नातं वजनात मोजण्याची ही रीत पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रुळली आणि तिला मॅकबेन-बकर तराजू असंच नाव पडलं.

हेच मॅकबेन पुढे पुण्यात आले. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, म्हणजे आपल्या एनसीएलचं उद्घाटन झालं. तिचे पहिले संचालक मॅकबेन होते. जन्म १८८२ चा, म्हणजे सत्तरीला टेकलेला माणूस. ब्रिस्टल आणि स्टॅनफर्डमधली कारकीर्द मागे ठेवून त्यांनी एका नव्या देशातल्या नव्या संस्थेची घडी बसवायचं काम पत्करलं आणि १९५२ पर्यंत ते निभावलं. पाषाण रस्त्यावरून जाताना एनसीएलची दगडी इमारत दिसते, पण वायू पृष्ठभागावर कसा बसतो याचा ध्यास घेतलेला माणूस तिचा पहिला प्रमुख होता, हे फार थोड्या पुणेकरांना ठाऊक आहे. ते ठाऊक असायला हवं. कारण या प्रकरणाचा विषय असलेला संवेदक मॅकबेन यांच्याच प्रश्नाला उत्तर देतो: पृष्ठभागावर काय येऊन बसलं आणि किती बसलं? फरक एवढाच की क्वार्ट्झ आता ताणला जात नाही, तो थरथरतो.

ही थरथर कसली, ते समजून घ्यायला कोयनेपासून सुरुवात करू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि पुण्यातली माणसंही अंथरुणातून उठून बाहेर धावली. भूकंपाच्या काही लाटा पृथ्वीच्या पोटातून जातात, तर काही कवचाच्या वरच्या थराला धरून पसरतात. पृष्ठभागाला बिलगून जाणाऱ्या अशा एका लाटेचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ सालीच मांडलं होतं. या लाटेत जमिनीचा प्रत्येक कण छोट्या लंबवर्तुळात फिरतो आणि खोल जावं तशी हालचाल झपाट्याने विरते. लाटेची जवळजवळ सगळी ऊर्जा वरच्या एक-दोन तरंगलांब्यांच्या जाडीत कोंडलेली असते. जमिनीतून ही लाट सेकंदाला साधारण तीन किलोमीटर वेगाने जाते, आणि क्वार्ट्झच्या किंवा लिथियम नायोबेटच्या नखाएवढ्या चकतीवरही तिचा वेग जवळपास तेवढाच असतो. क्वार्ट्झच्या नेहमीच्या कापावर सेकंदाला ३१५८ मीटर, लिथियम नायोबेटच्या एका प्रचलित कापावर ३४८८ मीटर. बदलते ती तरंगलांबी. भूकंपात ती किलोमीटरांत मोजावी लागते, तर सेकंदाला दहा कोटी कंपनं करणारी लाट लिथियम नायोबेटवर धावली की तिची तरंगलांबी भरते ३५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्मी.

इतकी बारीक लाट उठवायची कशी, याचं सुटसुटीत उत्तर १९६५ साली बर्कलीत रिचर्ड व्हाइट आणि व्होल्टमर यांनी दिलं. क्वार्ट्झ आणि लिथियम नायोबेट हे दाबविद्युत स्फटिक आहेत. त्यांना विजेचा दाब दिला की ते आकसतात-प्रसरतात, आणि त्यांना दाबलं की त्यांच्यावर वीज उमटते. व्हाइट आणि व्होल्टमर यांनी स्फटिकावर धातूच्या अतिपातळ पट्ट्यांचे दोन कंगवे एकमेकांत दात अडकवून बसवले. दोन कंगव्यांना उलटसुलट विद्युतदाब मिळाला की दातांमधला स्फटिक त्याच तालात हलतो आणि पृष्ठभागावर लाट सुटते. समोर काही मिलिमीटरवर असंच दुसरं कंगव्यांचं जोडकाम असतं. लाट तिथे पोचली की तिची पुन्हा वीज होते. दाताची रुंदी तरंगलांबीच्या पाव, म्हणजे आपल्या उदाहरणात नऊ मायक्रॉनच्या आत. या साधनाला जाणकार ‘सरफेस अकूस्टिक वेव्ह’ (पृष्ठभागी ध्वनिलाट) या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सॉ’ म्हणतात. दूरचित्रवाणी संचांत गाळणी म्हणून ते आलं आणि आज खिशातल्या मोबाइलमध्ये हव्या त्या वारंवारितेचा संदेश वेचून घ्यायला सॉ गाळण्या बसवलेल्या असतात.

गाळणी बनवणाऱ्याला लाटेच्या वाटेत काही येऊ नये असं वाटतं. धूळ, बाष्प, बोटाचा तेलकट ठसा यांतलं काहीही वाटेत आलं तरी लाटेचा वेग बदलतो. म्हणून गाळणी डबीत हवाबंद करतात. संवेदक बनवणारा मात्र मुद्दाम डबी उघडतो, कारण हा बदलच त्याला हवा असतो.

वजनाने कंपन कसं उतरतं, हे पखवाज ऐकलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. कीर्तनाला बसण्यापूर्वी पखवाजी डाव्या पुडीवर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतो. कणीक वाढवली की नाद खाली येतो, खरवडून कमी केली की वर चढतो. सॉ स्फटिकाच्या दोन कंगव्यांमधल्या मोकळ्या जागेवर वायू शोषून घेणारा पातळ लेप दिला की नेमकं हेच घडतं. लेपात वायू शिरला की वजन वाढतं, लाट जराशी मंदावते आणि साधनाची वारंवारिता उतरते. प्रमाण मात्र फार वेगळं. दहा कोटी कंपनांच्या क्वार्ट्झ साधनावर चौरस सेंटिमीटरला एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग बसला, तरी वारंवारितेत सेकंदाला सुमारे तेरा कंपनांची घट होते, आणि तेवढा फरक आजची उपकरणं सहज वाचतात.

पूर्ण जाडीतून थरथरणारा क्वार्ट्झ सॉ संवेदकांच्या आधीपासून तराजू म्हणून वापरात होता. १९५९ साली सॉअरब्रे यांनी त्याचं सूत्र दिलं आणि १९६४ मध्ये किंग यांनी त्यावर लेप लावून वायू शोधले. पुण्यातही हा तराजू चांगलाच राबला आहे. एनसीएलमध्ये डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने लिपिडच्या अतिपातळ थरांत धातूचे आयन किंवा प्रथिनं किती शिरली, हे क्वार्ट्झच्या कंपनावरून वर्षानुवर्षं मोजलं. साठ लाख कंपनांच्या अशा स्फटिकावर चौरस सेंटिमीटरला बारा नॅनोग्रॅम चढले की एक कंपन कमी होतं. सॉ साधन याच्या शंभर-दीडशे पट हळवं आहे, कारण त्याची लाट वरच्या कातडीतच राहते आणि तिची वारंवारिताही कितीतरी जास्त असते. १९७९ मध्ये व्होल्टजेन आणि डेसी यांनी सॉ साधनावर पॉलिमरचा लेप देऊन बाष्पं ओळखून दाखवली आणि सॉ संवेदकांचं युग सुरू झालं.

इथे एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी. लाट स्वतः कुठलाच वायू ओळखत नाही. अमोनिया बसला काय, पाण्याची वाफ बसली काय, तिला फक्त वजन कळतं. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं हे लेप ठरवतो. सॉ संवेदकाबद्दल वाचताना भर नेहमी स्फटिकावर, कंगव्यांवर आणि वारंवारितेवर असतो. माझ्या मते तो भर चुकीच्या जागी आहे. स्फटिक विकत मिळतो आणि कंगवे छापून मिळतात. संवेदकाचं खरं कर्तृत्व त्या शंभरेक नॅनोमीटरच्या लेपात असतं, आणि तो लेप हे रसायनशास्त्रज्ञाचं काम आहे.

साध्या पॉलिमरचा लेप वजनाची खबर देतो. वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा लेप आणखी एक खबर देतो, आणि तिथे गोष्ट खरी रंगते.

प्लास्टिक म्हणजे विद्युतरोधक, असं आपण शाळेत शिकलो. १९७७ साली हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी पॉलिअॅसिटिलीनच्या पापुद्र्याला आयोडिनची वाफ दिली आणि त्याची वाहकता कोटी पटींच्या घरात वाढली. या कामासाठी तिघांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पॉलिअॅसिटिलीन हवेत टिकत नाही, म्हणून संवेदकांच्या जगात त्याचं फारसं चाललं नाही. तिथे चाललं ते पॉलिअॅनिलिन. टिकाऊ, स्वस्त आणि साध्या प्रयोगशाळेत करता येण्याजोगं.

ते होताना पाहणं हा विलक्षण अनुभव असतो. बर्फात ठेवलेल्या चंचुपात्रात हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेलं ॲनिलिन. त्यात अमोनियम परसल्फेटचं थंड द्रावण थेंबथेंब सोडायचं आणि ढवळत राहायचं. काही मिनिटं काहीच घडत नाही. मग द्रावणात निळसर झाक येते, ती गडद होत जाते आणि बघता बघता पात्र काळपट हिरव्या गाळाने भरतं. गाळून, धुऊन घेतलेली ही हिरवी पूड वीज वाहते. ती अमोनियाच्या पाण्यात टाकली की हिरवा रंग जाऊन निळा येतो आणि वाहकता जवळपास नाहीशी होते. पुन्हा आम्ल दिलं की पुन्हा हिरवी आणि पुन्हा वाहक. पॉलिमरच्या साखळीवरचे नायट्रोजन आम्लातून प्रोटॉन घेतात तेव्हा साखळीवरून विद्युतभार सरकू लागतो. अमोनिया ते प्रोटॉन ओढून घेतो आणि वाट बंद होते. दिशा उलटी करता येते, हे संवेदकासाठी मोलाचं आहे, कारण एकदाच उत्तर देऊन संपणारा लेप सतत पहारा करू शकत नाही. निळी अवस्था काही द्रावकांत विरघळते, त्यामुळे तिचा थेंब स्फटिकावर ठेवून, चकती गरगर फिरवून पातळ थर पसरवता येतो आणि मग आम्लाच्या वाफेने हवा तेवढा हिरवा करता येतो.

आता हा थर लाटेच्या वाटेत ठेवू. दाबविद्युत स्फटिकावरून जाणारी लाट नुसती यांत्रिक नसते. तिच्यासोबत तिच्याच तालात एक विद्युतक्षेत्रही सरकत असतं आणि ते स्फटिकाच्या वर थोडं बाहेर डोकावतं. वाहक लेपातले भार या क्षेत्राच्या ओढीने इकडेतिकडे सरकतात आणि क्षेत्राला अंशतः झाकून टाकतात. क्षेत्र झाकलं गेलं की स्फटिकाचा ताठरपणा किंचित कमी होतो आणि लाट मंदावते. याचा अर्थ असा की वजनात काडीचाही फरक न पडता, केवळ लेपाची वाहकता बदलली तरी लाटेचा वेग बदलतो. हा परिणाम वायू ओळखायला वापरता येतो हे १९८५ मध्ये रिको, मार्टिन आणि झिपेरियन यांनी दाखवलं. त्यांचा लेप पॉलिमर नव्हता, लेड थॅलोसायनिन या रंगद्रव्याचा होता आणि शोधायचा वायू नायट्रोजन डायऑक्साइड. पण वाट एकदा मोकळी झाली आणि तिच्यावरून पॉलिअॅनिलिन, पॉलिपायरोल आणि त्यांचे भाऊबंद आले.

लाट आणि वीज यांची सांगड किती घट्ट आहे हे स्फटिकावर अवलंबून असतं. क्वार्ट्झमध्ये ती सैल आहे. लेप पूर्ण रोधक अवस्थेपासून पूर्ण वाहक अवस्थेपर्यंत गेला तरी वेग टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही बदलत नाही. लिथियम नायोबेटमध्ये हाच बदल सुमारे २.४ टक्के होतो. म्हणून वाहक लेपाला लिथियम नायोबेट मानवतो.

परंतु एक अट आहे आणि ती कडक आहे. लेप फारच रोधक असेल तर भार हलतच नाहीत. फारच वाहक असेल तर ते क्षेत्राला आधीच पूर्ण झाकून बसलेले असतात, त्यात थोडी घटवाढ झाल्याने काही बिघडत नाही. लाटेला फरक कळतो तो मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातच. लिथियम नायोबेटसाठी हा पट्टा कुठे येतो हे काढता येतं. लेपाचा कोणताही चौरस तुकडा घेऊन समोरासमोरच्या कडांमधला रोध मोजला तर तो सहा लाख ओहमच्या आसपास भरला पाहिजे. आता आपला हिरवा पॉलिअॅनिलिन बघा. शंभर नॅनोमीटर जाडीच्या चांगल्या आम्लयुक्त थराचा असा रोध एक लाख ओहमच्या घरात, म्हणजे गरजेपेक्षा जास्त वाहक. निळ्या थराचा रोध एकावर पंधरा शून्यं इतका, म्हणजे लाटेच्या दृष्टीने तिथे काही नाहीच. कामाची जागा या दोन टोकांच्या मध्ये, हिरव्याच्या बरीच जवळ आहे. थर किती पातळ करायचा, आम्ल कोणतं आणि किती द्यायचं, ही सगळी कसरत त्या सहा लाखांपर्यंत पोचण्यासाठी असते.

तिथे पोचलं की बक्षीस मोठं मिळतं. अमोनियाच्या झुळुकीने लेपाची वाहकता दहा टक्के घटली असं धरू. दहा कोटी कंपनांच्या साधनावर, लेप लाटेच्या पूर्ण वाटेवर असेल तर, वारंवारिता सव्वा लाख कंपनांनी वर चढते. नॅनोग्रॅममागे तेरा कंपनं मोजणाऱ्या तराजूपुढे हा आकडा केवढा मोठा आहे, ते सहज दिसतं.

पण ही सव्वा लाखाची रक्कम पूर्ण हातात पडत नाही. ज्या वाहकतेला वेग सर्वांत जास्त हळवा असतो, बरोबर त्याच वाहकतेला लाटेची ऊर्जाही सर्वांत जास्त गिळली जाते. लेपातले भार तेव्हा लाटेच्या मागे धावत असतात, पण तिला गाठू शकत नाहीत, आणि त्या धावण्यात ऊर्जेची उष्णता होते. लिथियम नायोबेटवर अशा लेपाखालून पन्नास तरंगलांब्या गेलेल्या लाटेच्या ऊर्जेचा जेमतेम दोन हजारावा हिस्सा उरतो. म्हणजे दुसऱ्या टोकाच्या कंगव्याला काही ऐकूच येणार नाही. त्यामुळे लेपाची पट्टी आखूड ठेवावी लागते. पंधरा तरंगलांब्यांची, अर्ध्या मिलिमीटरची पट्टी ठेवली तर ऊर्जेचा दहावा हिस्सा पलीकडे पोचतो आणि काम चालतं. कंगव्यांमधलं अंतर पाच मिलिमीटर असेल तर पट्टी एक दशांश वाट व्यापते, आणि सव्वा लाखाचे साडेबारा हजार होतात.

अमोनियाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. तो लेपात शिरून वजन वाढवतो तेव्हा वारंवारिता खाली यायला हवी. तोच लेपाची वाहकता घटवतो तेव्हा ती वर जायला हवी. दोन्ही परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात. लिथियम नायोबेटवर नीट बेतलेल्या लेपात विजेचा परिणाम वजनाला सहज मागे टाकतो, म्हणून एकूण उत्तर वरच्या दिशेने येतं. क्वार्ट्झवर किंवा चुकीच्या जाडीच्या लेपावर मात्र दोघं जवळपास बरोबरीत सुटू शकतात, आणि समोर अमोनिया असताना संवेदक गप्प राहतो. त्यातच वायू शिरल्याने पॉलिमर फुगतो, मऊ होतो आणि त्या मऊपणाचाही लाटेवर परिणाम होतो. एकाच आकड्यात तीन कारणं मिसळलेली असतात. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे लोक वेग आणि ऊर्जेची घट दोन्ही मोजतात. दोन आकडे हाती असले की कारणं वेगळी काढता येतात.

प्रयोगशाळेत सिलिंडरमधला कोरडा नायट्रोजन, ठराविक तापमान आणि मोजून सोडलेला वायू असतो. बाहेर पुण्याची हवा असते. इथल्या हिवाळ्यात पहाटे दहा अंशांवर असलेला पारा दुपारी तिशीला जातो. लिथियम नायोबेटवरच्या लाटेचा वेग तापमानागणिक बदलतो, अंशामागे दहा लाखांत चौऱ्याण्णव भाग. दहा कोटी कंपनांच्या साधनावर हे अंशाला ९,४०० कंपनं होतात. आपल्या अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीने अमोनियाची वर्दी म्हणून दिलेले साडेबारा हजार आठवा. सव्वा-दीड अंशाचा तापमानबदल तेवढाच फरक पाडतो! यावरचा उपाय जुना आणि सरळ आहे. एकाच स्फटिकावर शेजारीशेजारी दोन वाटा करायच्या, एकीवर लेप द्यायचा, दुसरी कोरी किंवा बंदिस्त ठेवायची आणि दोन्हींच्या वारंवारितांमधला फरक वाचायचा. तापमान दोघींना सारखंच छळतं, म्हणून वजाबाकीत ते बरंचसं निघून जातं.

दमटपणा असा वजा होत नाही. एप्रिलच्या दुपारी पुण्यातली सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते आणि ऑगस्टच्या सकाळी ती नव्वदीला भिडते. पॉलिअॅनिलिनला पाणी आवडतं. पाण्याचे रेणू थरात शिरून वजन वाढवतात, शिवाय प्रोटॉनची ये-जा सोपी करून वाहकताही बदलतात. कोरी वाट हे काहीच अनुभवत नाही, त्यामुळे वजाबाकीचा उपयोग होत नाही. सहा लाख ओहमवर मेहनतीने आणून ठेवलेला लेप पहिल्या वळवासरशी तिथून सरकलेला असतो. आर्द्रता वेगळी मोजून गणिताने दुरुस्ती करता येते, लेप थोडा गरम ठेवता येतो, हवा आत घेण्याआधी वाळवता येते. प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते. नव्या लेपाबद्दल वाचताना तो किती सूक्ष्म प्रमाण ओळखतो हा आकडा ठळक छापलेला दिसतो. मी आधी शोधतो ते दोन आकडे वेगळे: दमट हवेत त्याचं काय होतं, आणि सहा महिन्यांनी तो कुठे असतो. आम्ल हळूहळू उडून जातं, ऑक्सिजन साखळ्या कुरतडतो, आणि या दोन आकड्यांवरच संवेदक पुस्तकात राहणार की कारखान्याच्या भिंतीवर लागणार हे ठरतं.

वाहक लेप बेतण्याचं कौशल्य महाराष्ट्राला नवं नाही. एनसीएलच्या पॉलिमर विभागात डॉ. एस. राधाकृष्णन यांनी वाहक पॉलिमरांवर दीर्घकाळ काम केलं. टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण मिसळलेल्या पॉलिअॅनिलिनचा गंजरोधक लेप त्यांच्याच गटाचा. सोलापूर विद्यापीठात डॉ. व्ही. बी. पाटील यांच्या गटाने पॉलिअॅनिलिनचे पातळ थर आणि त्यांची अमोनियाला मिळणारी दाद यांचा चिकाटीने अभ्यास केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले प्रा. महेंद्र शिरसाट यांनी कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्ये सोन्याचे नॅनोकण जडवलेल्या पॉलिअॅनिलिनच्या तारांनी हायड्रोजन सल्फाइड ओळखून दाखवला, तोही अब्जात एक दशांश भाग इतक्या कमी प्रमाणात. सडक्या अंड्यांचा तो वास आपल्या नाकाला येईपर्यंत प्रमाण सहसा याच्या कितीतरी वर गेलेलं असतं. ही कामं विद्युतरोध मोजणाऱ्या किंवा गंज रोखणाऱ्या लेपांची आहेत, सॉ साधनांची नाहीत. पण वाहकता हव्या त्या ठिकाणी आणून ती तिथे टिकवणं ही विद्या तीच आहे, आणि सॉ स्फटिकाला हवं असतं ते नेमकं हेच.

सॉ संवेदक भारतात आणले ते प्रामुख्याने संरक्षण संशोधनाने. डीआरडीओच्या दिल्लीतल्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीने स्फोटकं आणि रासायनिक युद्धातले वायू यांच्यासाठी हातात मावणारं सॉ उपकरण तयार करून २००९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुण्यात या प्रश्नाचं घर म्हणजे डीआरडीओचीच सुतारवाडीची हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी, म्हणजे एचईएमआरएल. १९०८ मध्ये नैनितालला सुरू झालेली ही प्रयोगशाळा साठच्या सुमारास पुण्यात आली. तिथे घडलेला स्फोटक-तपास संच रंगांवर चालतो: संशयित कणांवर काही थेंब टाकायचे आणि उमटलेल्या रंगावरून स्फोटकाचा वर्ग ओळखायचा. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन सतरा जणांचा जीव गेला. तेव्हापासून या शहरात ‘बेवारस पिशवी हुंगून सांगणारं यंत्र का नाही?’ हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही.

त्याचं प्रामाणिक उत्तर आकड्यांत आहे. नेहमीच्या तापमानाला टीएनटीची वाफ हवेत अब्जात काही भागच भरते. आरडीएक्सची तर लाख कोटी रेणूंत चार-पाच रेणू, आणि तेही हवा पूर्ण संपृक्त असेल तर. गुंडाळलेल्या पिशवीबाहेर याहून कितीतरी कमी. इतक्या तुरळक रेणूंना लेपापर्यंत यायलाच वेळ लागतो. म्हणून अशा उपकरणांत आधी बरीच हवा ओढून तिच्यातले रेणू एका जाळीवर गोळा करतात आणि मग जाळी एकदम तापवून ते लेपावर सोडतात, किंवा पिशवीच्या कडीवरून कापड फिरवून कणच टिपतात. एचईएमआरएलने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर विकसित केलेलं आणि २०२३ मध्ये पुण्यातल्या कार्यशाळेत दाखवलेलं ‘रेडर-एक्स’ हे उपकरण दोन मीटर अंतरावरून वीस प्रकारची स्फोटकं ओळखतं. आरडीएक्सच्या बाबतीत वाफेच्या मागे धावण्यापेक्षा कण टिपणं किंवा दुरून ओळखणं शहाणपणाचं आहे, असं मला वाटतं.

वाहक लेपाच्या सॉ संवेदकाला त्याहून साजेसं काम आपल्या आसपासच आहे. बर्फाचे कारखाने, दूधसंघांची शीतकरण केंद्रं, आंबेगाव-खेडच्या बटाट्याची आणि जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षांची कोल्ड स्टोरेजं अशा ठिकाणी थंडावा निर्माण करायला अमोनिया वापरण्याची रीत जुनी आहे. कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात आठ तासांच्या पाळीसाठी अमोनियाची मर्यादा दहा लाखांत पंचवीस भाग आणि थोड्या वेळासाठी पस्तीस भाग दिलेली होती. तीनशे भागांना जिवाला तातडीचा धोका मानतात. अमोनियाचा वास फार थोड्या प्रमाणातही येतो, पण रोज तिथे वावरणाऱ्याचं नाक त्याला सरावतं आणि झिरपणारा व्हॉल्व्ह लक्षात येत नाही. पॉलिअॅनिलिन पंचवीस भागांना सहज दाद देतं. इथे अब्जांश शोधायचे नाहीत, आरडीएक्ससारखं रेणूंच्या मागे धावायचं नाही. अमोनिया गेला की लेप सावरतो, कारण रसायन उलटसुलट चालतं. सॉ साधनाला अँटेना जोडली तर बाहेरून रेडिओ लहर पाठवून परतलेला प्रतिध्वनी वाचता येतो आणि संवेदकाला बॅटरीही लागत नाही. कंप्रेसरच्या खोलीत, पाइपांच्या सांध्यांजवळ असे दहा-बारा तुकडे चिकटवून ठेवता येतील.

अडचण उरते ती दमटपणाची, आणि कोल्ड स्टोरेजच्या दारात ती सर्वांत जास्त. आतली थंड हवा बाहेरच्या पावसाळी हवेला भेटते तिथे दवच पडतं, आणि अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो, म्हणजे थेंब साचलेला लेप त्याची खबर उशिरा देतो. लेपावर पाणी अडवून अमोनिया सोडणारा दुसरा पातळ पडदा द्यायचा, की लेपाखाली चिमुकला हीटर बसवून तो हवेपेक्षा चार-पाच अंश गरम ठेवायचा, हे आधी ठरवावं लागेल. हीटर लावला तर बॅटरी नको असण्याचा फायदा जातो. पडदा दिला तर प्रतिसाद मंदावतो, पण गळतीची सूचना दहा सेकंदांऐवजी मिनिटभरात आली तरी व्हॉल्व्ह बंद करायला पुरेसा वेळ मिळतो. माझा कौल पडद्याला आहे, आणि त्या पडद्याची कसोटी मंचरच्या एखाद्या बटाट्याच्या गोदामात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत सलग व्हायला हवी.